स्वमग्न मुलासाठी कुत्रा आणावा का?

पत्राचा गोषवारा: "आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो, मिक्सरचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज त्याला सहन होत नाही आणि हात सुटला की तो पळत सुटतो. मागच्या पावसाळ्यात तो सोसायटीच्या फाटकातून निसटून कालव्याच्या दिशेने गेला होता. इस्त्रीवाल्या काकांनी पाहिले म्हणून निभावले. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर आहे. रोज संध्याकाळी मुलगा त्याच्याजवळ जाऊन बसतो, पण त्याच्याकडे पाठ करून. त्याच्याकडे बघतही नाही. हात मागे नेऊन फक्त त्याच्या पट्ट्याचा बिल्ला वाजवतो, नाहीतर त्याचा कान चिमटीत धरून सोडतो. न्यू जर्सीच्या नणंदबाई तिकडच्या मदतनीस कुत्र्यांचे व्हिडिओ पाठवत असतात. ते पाहून यजमानांनी 'स्वमग्न मुलांसाठी पूर्ण प्रशिक्षित' अशा कुत्र्याची जाहिरात शोधून काढली आहे. किंमत साडेतीन लाख रुपये. सासूबाईंचा ठाम विरोध आहे. बारा वर्षांच्या थोरल्या मुलीला मात्र कुत्रा हवाच आहे. कुत्रा आणला तर मुलात फरक पडेल का? आणि तो ब्रूनोशी जे करतो त्याला माया म्हणायचे, की त्याला नुसता बिल्लाच आवडतो?"
– एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे निर्णय बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. मुलगा ब्रूनोकडे पाठ करून बसतो, हे तुम्ही काहीशा खंतावून लिहिले आहे. मला त्या वाक्यात खंतावण्यासारखे काही दिसले नाही. ज्या मुलाला गर्दी नको असते, कुकरची शिट्टी नको असते, तो मुलगा तीसेक किलो वजनाच्या, धापा टाकणाऱ्या, केव्हाही उठून हलू शकणाऱ्या एका प्राण्याला स्वतःच्या पाठीमागे, म्हणजे जिथे त्याची नजर पोहोचत नाही अशा जागी, रोज बसू देतो. पाठीमागे कोणाला बसू द्यायचे याबाबत तुम्ही-आम्हीसुद्धा चोखंदळ असतो. नजरेला नजर देणे, गळ्यात हात टाकणे, नावाने हाक मारणे या मायेच्या खुणा आपल्या ओळखीच्या आहेत, म्हणून आपण त्याच शोधत राहतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना नजरेला नजर देण्याचाच ताण होतो, आणि कुत्र्याच्या सहवासात त्यांना बरे वाटण्याचे एक कारण हेही असते की कुत्रा त्यांच्याकडे त्या नजरेची मागणी करत नाही, प्रश्न विचारत नाही आणि चेहऱ्यावर एक व मनात दुसरे असे कधी वागत नाही.

बिल्ल्याचे म्हणाल तर तो त्याला आवडतो, यात शंका नाही. बिल्ला टिचकीने वाजवला की दर वेळी तोच आवाज येतो आणि चिमटीतून सोडलेला कान दर वेळी तसाच परत पडतो. ज्या मुलाला जग सतत अनपेक्षित वाटते, त्याला असा हुकमी अनुभव हवाहवासा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तुमची शंका तपासून पाहता येईल. शेजाऱ्यांकडे ब्रूनोचा जुना पट्टा बिल्ल्यासह असेल, तर तो एखाद्या दुपारी मागून आणा आणि काही न बोलता मुलाच्या हाताशी ठेवा. नुसत्या पट्ट्यावर तो संध्याकाळइतकाच वेळ रमला, तर त्याला मुख्यतः आवाज हवा आहे असे समजा. थोडा वेळ वाजवून त्याने पट्टा बाजूला टाकला आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी चपला घालून तो दाराशी उभा राहिला, तर त्याला काय हवे आहे हे वेगळे सांगायला नको. पहिले उत्तर मिळाले तरी हिरमुसू नका. पुष्कळ मुलांची कुत्र्याशी ओळख अशाच एखाद्या वस्तूपासून सुरू होते आणि कुत्र्यापर्यंत पोहोचायला काही महिने लागतात.

प्रत्येक स्वमग्न मुलाचे कुत्र्याशी जमतेच असे नाही, हेही आताच सांगितलेले बरे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक असलेल्या आणि स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी याबाबत तीन प्रकार सांगितले आहेत. काही मुलांचे कुत्र्याशी पहिल्या भेटीतच सूत जुळते. काही आधी बिचकतात आणि हळूहळू रुळतात. काहींना मात्र कुत्र्याचा वास किंवा अचानक येणारे भुंकणे इतके असह्य होते की त्यांनी कुत्र्यापासून लांब राहणेच योग्य ठरते. तुमच्या मुलाला आवाज सोसत नाहीत, तरी तो ब्रूनोजवळ जातो. तेव्हा तो बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडत असावा. पण ब्रूनो मुळात शांत असल्यामुळे हे जमत असेल, तर दुसऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ते जमेलच असे गृहीत धरता येणार नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर मुलगा काय करतो, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने ही अत्यंत महत्त्वाची माहिती आहे.

आता फरक पडेल का, याविषयी. या विषयावर जे संशोधन झाले आहे त्यात मॉन्ट्रियल विद्यापीठाचा 2010 मधील एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात 42 स्वमग्न मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक, मोजण्यात आले. सकाळी जाग आल्यानंतरच्या अर्ध्या तासात हे संप्रेरक बहुतेकांमध्ये वाढते. या मुलांमध्ये ती वाढ कुत्रा घरी येण्यापूर्वी सरासरी 58 टक्के होती, प्रशिक्षित कुत्रा घरात असताना ती 10 टक्क्यांवर आली आणि कुत्रा थोड्या काळासाठी घरातून हलवल्यावर पुन्हा 48 टक्क्यांवर गेली. आकडे बोलके आहेत, पण यजमानांना ते दाखवताना त्याच अभ्यासातील दुसरी नोंदही दाखवा: दिवसभरातील कॉर्टिसॉलच्या सरासरी पातळीत लक्षणीय बदल आढळला नाही. शिवाय ती सगळी कुत्री या कामासाठी तयार केलेली होती, दुकानातून आणलेली पिले नव्हती. कुत्रा मुलाला बोलायला शिकवेल, त्याची स्वमग्नता कमी करेल, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तो सकाळ थोडी सोपी करू शकतो, झोपेच्या वेळी पायाशी पडून राहू शकतो, घाबरलेल्या मुलाच्या मांडीवर डोके टेकवून आपले वजन त्याला देऊ शकतो. खोल आणि स्थिर दाब अनेक स्वमग्न मुलांना शांत करतो, हे तुमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजच्या कृतींचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाने, जड गोधडीच्या निमित्ताने तुम्हाला सांगितले असेलच.

कॅनडातील गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांचा 2008 मधील अभ्यास मला अधिक उपयोगी वाटतो, कारण त्यात दहा कुटुंबांत आलेल्या मदतनीस कुत्र्यांचे रोजचे जगणे जवळून पाहिले आहे. पालकांना सर्वाधिक दिलासा मिळाला तो मुलाच्या सुरक्षिततेबाबत, आणि घराबाहेर पडणे सोपे झाले याबाबत. रस्त्यावरचे लोक मुलाकडे रोखून बघण्याऐवजी कुत्र्याविषयी चौकशी करू लागले, हाही अनुभव त्यात आहे, आणि तुळशीबागेत मुलाने जमिनीवर अंग टाकल्यावर भोवती जमणारे डोळे ज्या आईने अनुभवले आहेत तिला त्याचे मोल कळेल. परंतु याच संशोधकांनी कुत्र्यांच्या बाजूनेही पाहिले. कुत्र्यांना पुरेशी विश्रांती न मिळणे, मुलाच्या नकळत झालेल्या ओढाताणीचा त्रास, खेळायला वेळ न उरणे, अशा गोष्टी त्यांना दिसल्या. कुत्रा मुलासाठी आणलेला असला तरी त्याला खाऊ घालणारे, फिरवणारे, समजून घेणारे कोणीतरी मोठे माणूस असावेच लागते. ते माणूस नसेल तर मुलाशी मैत्री व्हायला कुत्र्याच्या अंगात त्राणच उरत नाही.

येथे मला तुमच्या सासूबाईंविषयी बोलायचे आहे. तुम्ही दोघेही नोकरी करता आणि शाळेतून आल्यावर दुपारी एक ते पाच मुलगा आजीजवळ असतो, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, आणि त्यांचा विरोध सोवळ्याओवळ्यामुळे व केसांमुळे आहे असा तुमचा सूर आहे. तसे असेलही. परंतु मूल आणि कुत्रा यांना एकत्र असताना कधीही एकटे सोडायचे नाही, हा नियम कितीही गुणी कुत्र्याच्या बाबतीत मोडता येत नाही. म्हणजे रोज दुपारचे चार तास त्या दोघांवर लक्ष ठेवणे, कुत्र्याला खाली नेऊन आणणे, मुलाने कान ओढला तर मध्ये पडणे, ही सगळी कामे सासूबाईंकडे येणार. ज्या कुत्र्याचे निम्मे पालकत्व त्यांच्या गळ्यात पडणार आहे त्याला त्यांनी नकार दिला, तर तो हटवादीपणा म्हणता येणार नाही. माझ्या मते या निर्णयात यजमानांच्या होकारापेक्षा त्यांच्या नकाराला अधिक वजन आहे. त्यांना पटवण्याचा प्रयत्न करण्याआधी दुपारची व्यवस्था त्यांच्याशिवाय कशी लागेल, याचे उत्तर तुम्ही दोघांनी शोधा. ते सापडले तर कदाचित त्यांचा विरोधही मावळेल. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या दारात लाकडी फळीचे अडसर लावून कुत्र्याला तिथे येऊ न देणे अगदी शक्य असते आणि कुत्री हे आठवडाभरात शिकतात.

नणंदबाईंनी पाठवलेल्या व्हिडिओंविषयी. तिकडे जे कुत्रे मुलासोबत मॉलमध्ये, दवाखान्यात, विमानात दिसतात, त्यांच्यामागे दोन गोष्टी उभ्या असतात. एक म्हणजे सुमारे दोन वर्षांचे प्रशिक्षण, ज्यात पिलाला आधी एखाद्या कुटुंबात वर्ष-सव्वा वर्ष वाढवले जाते, मग कामाचे शिक्षण दिले जाते आणि स्वभावाने न बसणारी अनेक कुत्री मध्येच बाद केली जातात. दुसरी म्हणजे कायदा. अमेरिकेत 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्यामुळे अशा कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करता येत नाही. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, तुमच्या मुलाला प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) मिळते ते त्याच आधारावर. परंतु मदतनीस कुत्र्याला सर्वत्र प्रवेश मिळावा असे स्वतंत्र कलम त्यात नाही. त्यामुळे पीएमपीच्या बसमध्ये, शाळेच्या फाटकावर किंवा हॉटेलात कुत्र्याला आत घेतील की नाही हे समोरच्या माणसावर अवलंबून राहील. जाहिरातीत कुत्र्यासोबत 'सर्व्हिस डॉग' असे छापलेले जाकीट देण्याचे आमिष असेल, तर त्या जाकिटाने कोणताही हक्क मिळत नाही.

त्या व्हिडिओंमध्ये मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला जोडलेला तुम्ही पाहिला असेल. मुलगा पळत सुटणारा असल्यामुळे यजमानांना तेच सर्वांत आकर्षक वाटले असावे असा माझा कयास आहे, म्हणून याविषयी सविस्तर लिहिते. या पद्धतीत कुत्र्याचा दोर मोठ्या माणसाच्या हातात असतो, मूल कुत्र्याला जोडलेले असते आणि मुलाने धूम ठोकताच कुत्रा जागच्या जागी बसतो किंवा पाय रोवून उभा राहतो. या पद्धतीवर तिकडेही बरीच टीका झाली आहे, कारण कुत्र्याच्या मानेला व पाठीला हिसके बसतात आणि कुत्रा स्वतःच बिथरला तर मूल त्याच्यासोबत फरफटत जाते. सिंहगड रस्त्यावर तर याचा विचारही करू नये. पदपथ कधी आहे, कधी दुकानाच्या फलकाखाली आहे, त्यावर दुचाकी चढतात, आणि चार पावलांवर भटक्या कुत्र्यांची टोळी आपल्या हद्दीत आलेल्या पाळीव कुत्र्यावर धावून येते. अशा वेळी मुलगा त्या कुत्र्याला बांधलेला असणे ही सुरक्षितता होऊच शकत नाही.

पळून जाण्यावरचे उपाय कुत्र्याच्या आधीचे आहेत आणि साडेतीन लाखांपेक्षा फार स्वस्त आहेत. मुख्य दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी बसवून घ्या. दाराला घुंगरांची माळ बांधा, म्हणजे दार उघडल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत येईल; घुंगरांचा आवाज त्याला त्रास देत असेल तर दार उघडल्यावर मोबाइलवर सूचना देणारे छोटे यंत्र मिळते. सोसायटीच्या सुरक्षारक्षकांना, इस्त्रीवाल्यांना, कोपऱ्यावरच्या वाण्याला मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर देऊन ठेवा. इस्त्रीवाल्या काकांनी पाहिले म्हणून निभावले असे तुम्ही लिहिता, तर यापुढे ते योगायोगावर सोडू नका. मुलाच्या गळ्यात किंवा कमरपट्ट्यात पत्त्याचा बिल्ला घाला. ब्रूनोसारखाच वाजणारा असेल तर तो स्वतःहून घालेल. आणि त्याला पोहायला शिकवा. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असणे फार सर्रास आढळते, आणि निसटल्यावर तो नेमका कालव्याच्या दिशेने गेला हे वाचून मला जितकी काळजी वाटली तितकी पत्रातील दुसऱ्या कशानेही वाटली नाही.

जाहिरातीतील कुत्र्याबाबत माझे स्पष्ट मत असे की, केवळ फोनवर बोलून आणि आगाऊ पैसे भरून तो घेऊ नये. ज्याने तुमच्या मुलाला पाहिलेले नाही तो माणूस त्या मुलासाठी कुत्रा 'पूर्ण प्रशिक्षित' करू शकत नाही. कुत्र्याचे वय किती, त्याला कोणती कामे शिकवली, ती तुमच्या घरात व तुमच्या मुलासमोर तो करून दाखवेल का, जमले नाही तर परत घेणार का, 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' या मदतनीस कुत्री तयार करणाऱ्या संस्थांच्या महासंघाच्या निकषांनुसार काम होते का, हे लेखी विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस 'मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा' यापलीकडे जात नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. तेवढ्या रकमेत स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी किती काळ चालू शकेल याचा हिशेब यजमानांसमोर ठेवा. पुण्या-मुंबईत शिकवलेले कुत्रे शाळांमध्ये आणि थेरपी केंद्रांमध्ये आणून प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली मुलांबरोबर सत्रे घेणारे लोक आहेत. मुलाच्या थेरपिस्टमार्फत त्यांचा शोध घेता येईल. तो कुत्रा सत्र संपले की आपल्या घरी जातो. तुमच्यासारख्या दिवसभर बाहेर असणाऱ्या कुटुंबासाठी ही सोय लहान नाही.

पण तुमच्याजवळ आधीच ब्रूनो आहे, आणि पुढील काही महिने सगळे लक्ष तिथेच द्यावे असे मी सुचवीन. शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला, त्यांची तयारी असेल तर भेटीची वेळ आणि जागा ठरवून टाका: ब्रूनो फिरून, पाणी पिऊन आल्यानंतर, त्याच जिन्याखालच्या जागेत, त्याच सतरंजीवर, पंधरा-वीस मिनिटे, शेजाऱ्यांपैकी एक जण ब्रूनोजवळ आणि तुम्ही मुलाजवळ. मुलगा कंटाळण्याआधी उठा. घरी भिंतीवर दिवसाच्या कामांची चित्रे लावलेली असतील तर त्यात ब्रूनोच्या फोटोची भर घाला आणि ज्या दिवशी तो गावाला गेला असेल त्या दिवशी तो फोटो सकाळीच काढून ठेवा, म्हणजे संध्याकाळी आकांत होणार नाही. ब्रूनोशी बोलताना सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आपल्याकडे घरात मराठी बोलणारी माणसेही कुत्र्याला 'सिट' म्हणतात. तुम्ही शेजाऱ्यांना विनंती करून 'बस', 'ये', 'थांब' हे शब्द रुळवता आले तर पाहा. मोजके शब्द असलेल्या मुलाने 'बस' म्हटले आणि एवढा मोठा प्राणी खरोखर खाली बसला, तर शब्दाने काहीतरी घडते याचा त्याला आलेला तो अनुभव मोठा असेल, आणि तोच शब्द त्याला ताई व आजीशी बोलतानाही उपयोगी पडेल. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याला हाताच्या खुणेने सांगता येते; कुत्री हाताच्या खुणा शब्दांपेक्षा लवकर शिकतात.

कान चिमटीत धरण्याची सवय मात्र आत्ताच वळवायला हवी. ब्रूनो आज सहन करतो म्हणून उद्याही करेल असे नाही, विशेषतः त्याच्या कानात कधी संसर्ग झाला तर. लॅब्रॅडोरना पावसाळ्यात कानाचे त्रास वरचेवर होतात. कुत्रा सहसा नाराजी एकदम चाव्याने दाखवत नाही. तो आधी तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, त्याच्या डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होते, मग गुरगुरतो. तुमचा मुलगा पाठ करून बसत असल्यामुळे यातले काहीच त्याला दिसत नाही, तेव्हा ते बघणे तुमचे काम आहे. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये, कारण रागावल्याने तो गुरगुरायचे सोडतो आणि पुढच्या वेळी थेट दात लावतो. ब्रूनोच्या पट्ट्याला वीतभर लांबीची मऊ कापडी पट्टी शिवून घ्या आणि मुलाचा हात कानाकडे गेला की न बोलता ती त्याच्या बोटांत द्या. बिल्ला वाजवायला हरकत नाही.

या काळात एका वहीत रोज दोन ओळी लिहा: भेट झाली की नाही, किती वेळ, त्या रात्री झोप कशी लागली, ब्रूनो भुंकला तेव्हा मुलाने काय केले. यात गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी येऊन गेली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. आपल्या शहरात ढोल-ताशांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी सुरू होतो. ज्या आवाजाने तुमचा मुलगा कानांवर हात घेऊन कोपऱ्यात जातो त्याच आवाजाने अनेक कुत्री पलंगाखाली जातात. जो स्वतः थरथरत आहे तो दुसऱ्याला धीर देऊ शकत नाही. घरात कुत्रा आला तर त्या दिवसांत तुम्हाला दोघांना शांत करावे लागेल, कदाचित दोन वेगळ्या खोल्यांत. ते झेपेल का, हे दिवाळीच्या आधी कोणालाच सांगता येत नाही.

एवढे सगळे होऊन, सासूबाईंच्या दुपारचा प्रश्न सुटून, कुत्रा आणायचे ठरलेच, तर पिलू आणू नका. पिले पाच-सहा महिन्यांची होईपर्यंत हाताला दात लावतात, घरभर ओले करतात आणि रात्री रडतात. तुमच्या मुलाच्या झोपेची घडी त्यात पार विस्कटेल. दोन वर्षांच्या पुढचा, स्वभाव कळलेला, लहान मुलांच्या घरात राहिलेला शांत कुत्रा बघा. तो उच्च जातीचा असण्याची गरज नाही. दत्तक देणाऱ्या लोकांकडे तात्पुरत्या घरात वाढलेली देशी कुत्री असतात, आपल्या हवेला ती सरावलेली असतात, आणि त्या घरातील माणसे त्यांच्या खोडी प्रामाणिकपणे सांगतात. मुलाला आधी तिथे नेऊन आणा, एकदा नव्हे, अनेकदा. घरी कुत्र्यासाठी एक कोपरा असा ठेवा जिथे मुलाने जायचे नाही आणि जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून ती हद्द दाखवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस या दोन्ही गोष्टी चुकवू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुरकुर केली तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केले आहे. टेकडीवर फिरवून आणल्यावर कुत्र्याच्या पंजांच्या बेचक्यांत व कानांत गोचीड बघावे लागतात, हे काम रोजचे आहे. एप्रिल-मेमध्ये डांबर तापल्यावर दुपारी त्याला बाहेर नेता येणार नाही. मुलगा बोलून सांगत नसल्यामुळे अंघोळीच्या वेळी रोज त्याच्या अंगावर ओरखडे बघा. दाताचा किंवा नखाचा ओरखडा दिसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कुत्रा घरचा असला तरीही. रेबीजची प्रतिबंधक लस त्याला आधीच द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा. आणखी एक हिशेब मनाशी असू द्या: कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा ते तेरा वर्षांचे असते, म्हणजे मुलगा सतरा-अठराचा होईल त्या सुमारास तो जाईल. एवढ्या वर्षांच्या सवयीचा सोबती नाहीसा होणे त्याला कसे समजावायचे याची तयारी कुत्रा म्हातारा दिसू लागताच करावी लागेल.

राहता राहिली तुमची लेक. तुमच्या सबंध पत्रात तिच्याविषयी एकच वाक्य आहे, आणि ते कुत्र्याविषयीचे आहे. बारा वर्षांच्या मुलीला कुत्रा हवाच असतो, त्यात नवल नाही. पण ज्या घरात सगळ्यांचे वेळापत्रक धाकट्या भावाभोवती फिरते तिथे तिला स्वतःचे असे कोणीतरी हवे असेल, हीही शक्यता आहे. कुत्रा आणला तर बहुधा तो तिच्याच मागे-मागे फिरेल. तसे झाले तर 'हा भावासाठी आणला आहे' असे म्हणून त्याला तिच्यापासून ओढून नेऊ नका, आणि उलट बाजूने, सकाळ-संध्याकाळ फिरवण्याचे काम तिच्यावर टाकून मोकळेही होऊ नका, कारण तीन वर्षांत ती दहावीला असेल. तोपर्यंत आठवड्यातून एखाद्या दिवशी ब्रूनोला फिरवायला तिला शेजाऱ्यांसोबत जाऊ द्या. त्या वेळी मात्र भावाला तिच्याबरोबर पाठवू नका.

दिवाळीनंतर वहीत काय जमले ते जरूर कळवा.